आरोग्य विम्याने ‘एक लाखाचा कर’ वाचत नाही

मार्च उजाडला की सोसायट्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश हमखास फिरू लागतो: ‘३१ मार्चपूर्वी आरोग्य विमा घ्या, एक लाखाचा कर वाचवा. आई-वडील, सासू-सासरे, कोणाचाही हप्ता चालतो. रोखीने भरला तरी चालतो. दुकानदारांनी हप्ता फर्मच्या खर्चात टाकावा, जीएसटीचे क्रेडिटही मिळेल.’ यातले एकेक विधान २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या तरतुदींशी ताडून पाहण्यासारखे आहे.

एक लाख हा आकडा खोटा नाही, पण तो कराचा नसून करपात्र उत्पन्नातून मिळणाऱ्या कमाल वजावटीचा आहे. आयकर कायद्याच्या कलम ८०डी नुसार स्वतः, जोडीदार आणि अवलंबून असलेली मुले यांच्या हप्त्यासाठी २५,००० रुपये आणि आई-वडिलांसाठी आणखी २५,००० रुपये वजा होतात. ज्या गटात विमा उतरवलेली व्यक्ती साठ वर्षांची किंवा त्याहून मोठी असेल, त्या गटाची मर्यादा ५०,००० होते. म्हणजे एक लाख गाठायचे तर दोन्ही पिढ्यांत ज्येष्ठ नागरिक हवेत. स्वतः चाळिशीत आणि आई-वडील सत्तरीत असलेल्या नोकरदाराला फार तर ७५,००० ची वजावट मिळेल आणि तो २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर उपकर धरून त्याचा कर १५,६०० रुपयांनी कमी होईल. त्यासाठी आधी ७५,००० रुपये खिशातून जावे लागतात, याविषयी संदेश अर्थातच गप्प आहे.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आहे. २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते, आणि तिच्यात बारा लाखांपर्यंत नियमित उत्पन्न असलेल्या निवासी व्यक्तीला करच लागत नाही. मग विम्याने वाचणार काय? व्यावसायिकाला तर जुनी प्रणाली निवडण्यासाठी मुदतीत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो, आणि तो एकदा नव्या प्रणालीत परतला की व्यवसाय चालू असेपर्यंत त्याला जुन्या प्रणालीचा दरवाजा बंद होतो. हप्त्याच्या मोहापायी घाईने हा निर्णय घेणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

सासू-सासऱ्यांचे विधान सरळ चुकीचे आहे. पत्नीचे स्वतःचे करपात्र उत्पन्न असेल आणि तिने आपल्या खात्यातून माहेरच्या आई-वडिलांचा हप्ता भरला, तर ती वजावट तिच्या विवरणपत्रात मिळते, जावयाच्या नव्हे. रोखीने भरलेला हप्ताही बाद होतो. प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणीचे ५,००० रुपये मात्र रोखीने चालतात, आणि गोंधळ बहुधा तिथूनच सुरू झाला असावा. पण तेही वरच्या मर्यादेच्या आतच मोजायचे असतात. खरोखर उपयोगाची तरतूद या संदेशात नाहीच: ज्या ज्येष्ठांचा विमा नाही, त्यांच्या उपचारांवर व औषधांवर रोखीशिवाय केलेला ५०,००० रुपयांपर्यंतचा खर्चही याच कलमात बसतो.

आता दुकानदारांविषयी. मालकाचा स्वतःचा आणि कुटुंबाचा हप्ता हा वैयक्तिक खर्च आहे. फर्मच्या चालू खात्यातून चेक फाडला, तरी वहीत तो उचल, म्हणजे मालकाने स्वतःसाठी काढलेली रक्कम, म्हणूनच दाखवावा लागतो. कामगारांच्या आरोग्य विम्याचा हप्ता मात्र रोखीशिवाय भरला असेल, तर तो व्यवसायाचा खर्च म्हणून मान्य होतो. जीएसटीचे म्हणाल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर हा करच उरलेला नाही, त्यामुळे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या देय जीएसटीतून वळता करणे, घ्यायला काही शिल्लक नाही. कामगारांच्या समूह विम्यावर तो १८ टक्के आहे, परंतु जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) ने त्याचे क्रेडिट रोखले आहे. असा विमा देणे मालकाला एखाद्या कायद्याने बंधनकारक असेल, तरच ते मिळते. आयकर कायद्याच्या कलम ४४एडी खाली, म्हणजे छोट्या व्यवसायांसाठीच्या अंदाजित नफ्याच्या सोयीने, उलाढालीच्या सहा किंवा आठ टक्के नफा दाखवणाऱ्या दुकानदाराला तर कामगारांच्या हप्त्याचीही वेगळी वजावट मागता येत नाही, कारण त्या टक्केवारीत सगळा खर्च आधीच वजा झाला असे कायदा धरून चालतो.