‘नवी चेन गळ्यात मारायचा प्रयत्न’ या 1 स्टार रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

रविवारी तुम्हाला अर्धा तास सांगून दीड तास बसवून ठेवलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. सिंहगड करून आलेल्या चार सायकली तुमच्या आधी रांगेत होत्या, ते मी तेव्हाच सांगायला हवं होतं. 350 रुपयेही काम हातात घेण्याआधी सांगायला हवे होते. चूक आमची.

पण तुम्ही लिहिलंय, "फक्त चेनला तेल घालायचं होतं, वर नवी चेन गळ्यात मारायचा प्रयत्न केला." हे मात्र मनाला फार लागलं.

सर, तुम्ही स्टुलावर चहा घेत होतात. मी तुम्हाला मुद्दाम उठवून सायकलपाशी बोलावलं आणि चेनला टेप लावला. एका पिनीच्या मध्यावर 1 इंचाची खूण धरली. चेन नवी असेल तर 13 च्या खुणेवर बरोबर पिनीचाच मध्य येतो. तुमची पिन जवळजवळ एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, पुढे होती. अर्धं सूत म्हणजे 0.5 टक्का झीज, एक सूत म्हणजे 1 टक्का. मग चेनची झीज मोजायचं गेज लावलं, तर 0.75 टक्क्याची बाजू अलगद आत बसली, म्हणजे झीज तेवढी झालीच होती. तुमची सायकल 10 स्पीडची आहे, म्हणजे मागे दहा दातेरी चकत्या. तिला 0.75 ला चेन बदलावीच लागते, 11-12 स्पीडला तर 0.5 लाच. यात चेनच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत, आतल्या पिना झिजतात आणि सांध्यासांध्यात केसभर ढिलाई येते, म्हणून चेन लांबते. हे मी तिथेही बोललो होतो. तुम्ही म्हणालात, "नको, तेलच घाला." मी पुन्हा विषय काढला नाही. विकायचीच असती, तर जुनी चेन तासभर घासत कशाला बसलो असतो?

आणि ते नुसतं तेल घालणं नव्हतं. पावसात घाटातून आल्यावर चेनवर इंजिन ऑइल घातल्याचं तुम्हीच सांगितलंत. ते जाड तेल चिखल धरून ठेवतं आणि त्याचं पॉलिश पेपरसारखं होतं, प्रत्येक फेऱ्याला पिना खातं. चेन काढून तीनदा रॉकेलात धुतली, तिसऱ्या खेपेलाही तळाशी बारीक रेती बसली होती. ती ट्रे तुम्हाला दाखवायची राहिली, याची आता हळहळ वाटते. मग हवा मारून पूर्ण कोरडी केली, कारण ओल्या चेनवर तेल धरत नाही. चेनमध्ये पिनांवर फिरणारे शंभराच्या वर रोलर असतात, प्रत्येकावर एक-एक थेंब. पंधरा मिनिटं तेल आत मुरू दिलं आणि बाहेरचं फडक्याने पुसून काढलं. तेल आत लागतं, बाहेर राहिलं तर पुन्हा धूळच धरतं. घाई केली असती तर तुम्ही अर्ध्या तासात निघाला असता, पण आठवड्यात चेन परत करकरली असती.

वडिलांपासून हे दुकान आहे. तुमचा रिव्ह्यू आल्यापासून दोघांनी फोनवर विचारलं, "तुम्ही चेन बदलायलाच लावता का?" काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही. स्टार एक राहू दे सर, तेवढी एक ओळ बदलता आली तर बघा.

दराचा बोर्ड लावतो आहे. वेळेचंही काहीतरी करतो.

चेन तुम्ही कुठूनही घ्या, माझी हरकत नाही. पण बसवताना कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या त्या चकत्यांचे, दाते बघून घ्या. जुन्या चेनने ते झिजले असतील, तर नवी चेन चढावर जोर लावताच घसरते, आणि उभं राहून पेडल मारताना तसं झालं तर माणूस पडतो. बघायला माझ्याकडे आणलीत तर त्याचे पैसे घेणार नाही. रविवार सोडून या, तेव्हा नीट वेळ देता येईल. सोमवारी दुकान बंद असतं.