उपासना संपली की पाठ का फिरवता?

आज चर्चमध्ये पुन्हा तेच! शेवटच्या बाकावर एक नवी बाई, कडेवर पोर. गीताचा नंबर सांगितला, तिच्याकडे गीतपुस्तकच नाही. शेजारची दोघं आपापल्या पुस्तकात डोकं घालून गात राहिली. आशीर्वाद झाला, मंडळी नेहमीच्या घोळक्यांत रमली. ती दाराशी जरा घुटमळली आणि गेली. मी धावत पोचेपर्यंत फाटकाबाहेर. जीव तुटला माझा.

‘स्वागत समिती बघेल’ हे आता ऐकवत नाही. अरे, शेजारच्याला नाव विचारायला समिती कशाला लागते? बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या 2ऱ्या अध्यायात कोणाला कुठे बसवता यावरूनच कानउघाडणी केली आहे (आपण तर बसवतही नाही!). परक्याला घरात घेण्याचं वचन (मत्तय 25:35) तोंडपाठ आहे ना सगळ्यांना? मग उपासनेनंतरची पहिली पाच मिनिटं ओळखीच्यांना सोडा, आधी त्या शेवटच्या बाकाकडे जा!