दोन दिवसांत कुणी ‘सरकारमान्य सायकोमेट्रिशियन’ होत नाही

परवा रात्री साडेअकराला भाचीचा फोन. "मावशी, उद्या शेवटची तारीख आहे. आईला पैसे भरायला सांगू?" पोरगी यंदाच सायकॉलॉजी घेऊन बी.ए. झाली. तिनं पाठवलेला मेसेज त्याआधी मला तीनदा आला होता: कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर आणि गडहिंग्लजच्या एका बाईंकडून. तीनदा मी गप्प बसले, ती चूक झाली.

मेसेज थोडक्यात असा: दोन दिवसांच्या ऑनलाइन कोर्सनं ‘सायकोमेट्रिशियन’, म्हणजे मानसशास्त्रीय चाचण्या घेणारे तज्ज्ञ, व्हा; फी साडेअठरा हजार. ‘सरकारमान्य व आयएसओ प्रमाणित’. ‘एम.फिल.ची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होण्यासाठीच्या पदवीची) गरज नाही’. कोर्सनंतर आयक्यू, लर्निंग डिसॅबिलिटी (वाचन-लेखन-गणित शिकण्यातली अक्षमता), ऑटिझमचे रिपोर्ट तुम्ही स्वतः द्यायचे. बोटांच्या ठशांवरून जन्मजात बुद्धिमत्ता सांगणारं सॉफ्टवेअर मोफत. आणि घरबसल्या महिना पन्नास हजार.

आधी ‘सरकारमान्य’. भाचीकडून प्रमाणपत्राचा नमुना मागवला. त्याच्या तळाशी उद्यम नोंदणीचा नंबर आहे, बस्स. ही नोंदणी ऑनलाइन, फुकट आणि स्वतःच भरलेल्या माहितीवर होते. मिरची कांडपाचा व्यवसाय करणाऱ्यालाही ती मिळते. तिचा अर्थ एवढाच की धंदा नोंदलेला आहे. काय शिकवतात हे तिथं कुणी बघत नाही. आयएसओचंही तेच. ती संस्था स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही, ते दुसऱ्या कंपन्या देतात, आणि आयएसओ 9001 या मानकात कामकाजाची पद्धत तपासतात, विषयाचा खरेखोटेपणा नाही.

बोटांचे ठसे. शंख-चक्रं आईच्या पोटातच ठरतात, हे खरं. डाउन सिंड्रोमसारख्या काही जनुकीय स्थितींत ठशांची ठेवण वेगळी दिसते, हेही खरं. पण त्यावरून पोरगं गणितात जाईल की गाण्यात, हे सांगायला शास्त्रीय आधार नाही. इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीनं डीएमआयटी, म्हणजे ठशांवरून बुद्धिमत्ता सांगायच्या या प्रकाराविरुद्ध अधिकृत भूमिका जाहीर केली आहे. यावर आणखी शब्द खर्च करायची माझी इच्छा नाही.

माझा खरा संताप आहे तो ‘रिपोर्ट तुम्ही स्वतः द्या’ या ओळीवर.

मागच्या वर्षी कागलकडचा चौथीतला एक मुलगा माझ्याकडे तपासणीला आला. आईच्या पिशवीत दोन पानी रंगीत रिपोर्ट होता: ‘लर्निंग डिसॅबिलिटी: गंभीर’. तपासणी काय झाली होती? आईनं मोबाइलवर एक फॉर्म भरला होता. मुलाला कुणी समोर बसवलंच नव्हतं. मी लाल-पांढरे ठोकळे मांडले, त्यानं नमुने पटापट जुळवले. मग आकडे म्हणून दाखवायची चाचणी. सेकंदाला एक आकडा मी म्हणायचा आणि त्यानं तसाच परत म्हणायचा. मी त्याच्याकडे बघून म्हटलं की बरोबर, लिहायला मान खाली घातली की चूक. पोरगं माझ्या ओठांकडे बघत होतं. चाचणी तिथंच थांबवून त्याला कानाच्या तपासणीला पाठवलं. ऐकायलाच कमी येत होतं. आठ महिने त्याला घरात आणि शाळेत मठ्ठ म्हणून वागवलं गेलं, त्या दोन पानांमुळे.

म्हणून यासाठी कायदा आहे. भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, तिचा कायदा 1992 चा. त्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा नोंदणी लागणारा व्यावसायिक आहे. कलम 13 प्रमाणे नोंदणीशिवाय हे काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दिव्यांगत्व तपासणीच्या केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत तर पायऱ्याच दिल्या होत्या: आधी मानसशास्त्रज्ञानं मिसिक किंवा विस्क या बुद्धिमापन चाचणीनं आयक्यू काढायचा, तो 85 च्या वर असला तरच बंगळूरच्या निम्हान्स संस्थेची बॅटरी, म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटीच्या चाचण्यांचा संच, लावायची. मोबाइलवरच्या फॉर्मला त्यात जागा नव्हती. असला रिपोर्ट घेऊन दहावीला जादा वेळ मागायला गेलेले पालक हात हलवत परत येतात.

‘एम.फिल.ची गरज नाही’ हे मात्र अर्धं खरं आहे, मान्य करावं लागतं. करिअरसाठीच्या कल आणि अभिक्षमता चाचण्या, किंवा नोकरभरतीतल्या चाचण्या, यांना कायद्यानं एम.फिल. लागत नाही. पण म्हणून दोन दिवस पुरतात असं होत नाही. चाचण्यांचे मोठे प्रकाशक ए, बी, सी अशा पातळ्या लावतात आणि तुमची पात्रता बघूनच संच विकतात. ब्रिटनमध्ये ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची चाचणी वापरणाऱ्यांसाठी वेगळी पात्रता आणि नोंदवही आहे. आपल्याकडे ‘सायकोमेट्रिशियन’ असा परवाना देणारी एकही सरकारी संस्था नाही. तेव्हा कोर्स ‘मान्यताप्राप्त’ म्हटला की लगेच विचारायचं: कुणाची मान्यता, कोणत्या चाचणीसाठी, आणि प्रत्यक्ष किती मुलांवर, कुणाच्या देखरेखीखाली? नॉर्म्स, म्हणजे ज्यांच्याशी मुलाचे गुण ताडून बघतात ते सरासरी आकडे, कोणत्या सालचे, हेही विचारायचं. नागपूरच्या डॉ. मालिन यांची मिसिक 1969 ची आहे. मराठी आणि कानडी मुलांसाठी बनवलेली बिने-कामत ही बुद्धिमापन चाचणी तर 1934 ची. इतक्या जुन्या नॉर्म्सवर आजच्या मुलाचा आयक्यू फुगून येऊ शकतो, आणि हे ज्याला माहीत नाही त्यानं आकडा लिहून देऊ नये.

पन्नास हजारांचं काय ते मी बोलत नाही. माझ्या पहिल्या वर्षी खोलीचं भाडं निघत नव्हतं.

भाचीला सांगितलंय: आधी एम.ए. कर. क्लिनिकलला जायचं असेल तर आरसीआयच्या वेबसाइटवरची मान्यताप्राप्त संस्थांची यादी बघ. अभ्यासक्रमांची नावं सध्या बदलताहेत, त्यामुळे ऐकीव माहितीवर जाऊ नकोस. धारवाडची डिम्हान्स ही मानसिक आरोग्य संस्था आपल्याला पुण्यापेक्षा जवळ आहे, तिथंही चौकशी कर. तोवर शनिवारी माझ्याकडे येऊन बस, पालकांची परवानगी असेल तेव्हा नुसतं बघ, नोंदी कर.

आणि ज्यांनी पैसे भरलेत त्यांनी मेसेज, पावती, प्रमाणपत्राचा नमुना सगळं जपून ठेवा आणि लेखी परतावा मागा. दिला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा.