खुलासा : पंधरा दिवसांत 'बायो-एन्झाइम' तयार होत नाही

लिंबाच्या साली आणि गूळ बाटलीत घालून झाकण घट्ट लावा, पंधरा दिवसांत सगळे जंतू मारणारे फ्लोअर क्लीनर, म्हणजे 'बायो-एन्झाइम', तयार, असा मेसेज सध्या कोल्हापुरातल्या ग्रुपवर फिरतोय. त्यात साली आणि गूळ एवढंच बरोबर आहे.

प्रमाण 1:3:10. म्हणजे 100 ग्रॅम गूळ, 300 ग्रॅम लिंबू-मोसंबीच्या साली, 1 लिटर पाणी. गूळ पिवळाधमक नको, काळसर स्वस्तातला चालतो. बाटली 2 लिटरची आणि प्लास्टिकचीच घ्या. पहिला महिनाभर आत गॅस तयार होतो, त्यामुळे झाकण रोज सैल करून तो सोडावा लागतो. घट्ट बंद काचेची बरणी फुटू शकते. मुरायला तीन महिने लागतात. वर पांढरी साय आली तर ठीक, काळी बुरशी आली तर मूठभर गूळ घालून ढवळा. कुजका वास येत राहिला तर सरळ ओतून टाका.

आता शहाबादी फरशीचं. हे पाणी आंबट असतं आणि शहाबादी म्हणजे चुनखडीच. साध्या पाण्यात न मिसळलेला थेंब पडला की बारीक बुडबुडे येतात, पॉलिश जातं, पांढुरका डाग उरतो. संगमरवराचंही तेच. सिरॅमिक टाइल्सला मात्र अर्ध्या बादलीत 50 मिली पुरतं.

जंतुनाशक म्हणून यावर विसंबू नका. आणि 'पॉवर वाढवायला' यात ब्लीचिंग पावडर तर मुळीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.