फोटोतल्या पाटीकडेही बघा

जुन्या शालेय फोटोंवरच्या तुमच्या लेखात एका एकशिक्षकी शाळेच्या फोटोखाली ‘अंदाजे १९५५’ असं छापलंय, पण दारावरच्या फलकावर ‘जिल्हा परिषद’ स्पष्ट वाचता येतं. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला सुरू झाल्या, म्हणजे फोटो त्याआधीचा नाही. त्यापूर्वीच्या फलकांवर लोकल बोर्ड किंवा स्कूल बोर्ड सापडतं. पुढच्या रांगेतल्या मुलाच्या हातात पाटी असेल तर ती भिंगाखाली बघाच, इयत्ता आणि साल बहुधा तिच्यावरच खडूने लिहिलेलं असतं.

नावं शोधायची तर फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून हलक्या हाताने डोक्यांच्या बाह्यरेषा काढा आणि प्रत्येकाला क्रमांक द्या. मग शाळेचं जनरल रजिस्टर उघडा. दाखल झाल्याची आणि शाळा सोडल्याची तारीख त्यात असते, त्यावरून यादी आटोक्यात येते. मुलींच्या बाबतीत हमखास घोळ होतो: गाव त्यांना सासरच्या नावाने ओळखतं, रजिस्टरात माहेरचं नाव. दोन्ही लिहा.

आणि कृपा करून काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका! ओलाव्याने फोटोच्या पृष्ठभागावरचा जिलेटिनचा थर फुगून काचेला धरतो, ओढला की चेहरेच निघून येतात. काचेसकटच ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. सुटा फोटो पुन्हा मढवताना काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट हवी. लॅमिनेशन तर नकोच, ते परत उलटवता येत नाही.