माणसं कमी केल्यानं वाचतं काय आणि जातं काय: लातूरच्या वाचकांना उत्तर

साहेब, नमस्कार.

अमेरिकेतल्या गुप्तचर संस्थांच्या नोकरकपातीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गाभा सांगतो. तुमची सगळी नोकरी कोषागारात गेली. आस्थापना खर्च कसा फुगतो ते तुम्ही जवळून पाहिलंय, आणि खात्यातली माणसं कमी झाली म्हणून काम बंद पडलेलं कधी पाहिलं नाही. उपग्रह आणि एआय हाताशी असताना हजारो माणसं कशाला पोसायची, हा तुमचा पहिला प्रश्न. एवढा फौजफाटा असूनही ९/११ झालं आणि २६/११ झालं, मग त्यांचा उपयोग काय, हा दुसरा. आणि सीआयएची माणसं घटली तर बीडमध्ये बसून माझ्या पोटात का दुखतं, हा तिसरा.

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण त्याचं उत्तर माझ्याच जिल्ह्यात, गेवराईत आहे. मे २००६ मध्ये एटीएसला खबर लागली आणि चांदवड-मनमाड रस्त्यावर पाठलाग झाला. एक सुमो सापडली. तिच्यात आणि पुढच्या झडत्यांत मिळून ४३ किलो आरडीएक्स, १६ एके-४७ रायफली आणि ३,२०० काडतुसं निघाली. वेरूळ-औरंगाबादच्या परिसरात एवढा साठा फिरत होता, हे आज आठवलं तरी अंगावर काटा येतो. दुसरी गाडी, इंडिका, मात्र निसटली. ती चालवणारा झबिउद्दीन अन्सारी गेवराईचा. तो बांगलादेशमार्गे पाकिस्तानात गेला आणि अडीच वर्षांनी कराचीतून मुंबईच्या हल्लेखोरांना फोनवर सूचना देणाऱ्यांत होता, असं तपास यंत्रणांचं म्हणणं आहे. २०१२ मध्ये सौदी अरेबियानं त्याला भारताच्या ताब्यात दिलं. शस्त्रसाठ्याच्या खटल्यात २०१६ साली त्याला जन्मठेप झाली.

आता २६/११ ची दुसरी बाजू बघा. ताजची आणि सीएसटीची आधी येऊन टेहळणी करणारा डेव्हिड हेडली आपल्या हाती लागला नाही. त्याला ऑक्टोबर २००९ मध्ये शिकागोत अमेरिकी एफबीआयनं पकडलं. लष्कर-ए-तोयबाचे कोण लोक त्यात होते, कुणी कुठं प्रशिक्षण घेतलं, यातलं कितीतरी त्याच्या जबानीतून बाहेर आलं. हल्ल्याआधीही समुद्रमार्गे मुंबईवर हल्ला होऊ शकतो असा इशारा अमेरिकेकडून दिल्लीला आला होता. म्हणजे आपल्यावर झालेल्या हल्ल्याची बरीचशी माहिती परक्या संस्थेच्या फायलींत होती. तिथं पाकिस्तानचा विषय सांभाळणारा अनुभवी माणूस घरी गेला, तर दिल्लीला येणारी एखादी चिठ्ठी येणारच नाही. आणि ती आली नाही हे आपल्याला कळणारही नाही.

तुमच्या कोषागाराच्या अनुभवाशी माझा मतभेद नेमका इथंच आहे. तुमच्याकडं बिल अडकलं की दुसऱ्या दिवशी पेन्शनर खिडकीपाशी उभा राहतो. काम अडलं की ओरड होते, म्हणून कुठं माणूस हवा आणि कुठं नको हे समजतं. गुप्तवार्तेच्या कामात न आलेल्या बातमीबद्दल तक्रार करायला कुणी येत नाही. वाचलेला पगार त्याच वर्षी ताळेबंदात दिसतो, नुकसान पाच-दहा वर्षांनी आणि भलत्याच ठिकाणी. त्यामुळं ‘माणसं काढली आणि काहीच बिघडलं नाही’ हे वाक्य या खात्याबद्दल पहिली काही वर्षं नेहमीच खरं वाटतं.

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या, तोडाव्या लागल्या. पुढं पाऊस पडला, विहिरींना पाणी आलं, पण बाग पावसाबरोबर परत येत नाही. नवं झाड धरायला पाच-सहा वर्षं जातात. अमेरिकेनं हा हिशेब एकदा करून पाहिलाय. सोव्हिएत संघ कोसळल्यावर, आता शत्रू उरला नाही म्हणून, १९९० च्या दशकात सीआयएची भरती आटवली गेली. ९/११ आयोगाच्या अहवालात त्याची नोंद आहे: १९९५ साली गुप्त कामाच्या विभागात प्रशिक्षण पूर्ण करून दाखल झालेले नवे अधिकारी फक्त २५. एवढ्या मोठ्या देशाचे, सगळ्या जगासाठी, २५. नंतर पैसा ओतला गेला, तरी २००४ मध्ये त्या वेळचे संचालक जॉर्ज टेनेट यांनी आयोगापुढं सांगितलं की हा विभाग हवा तसा उभा करायला अजून पाच वर्षं लागतील.

आताच्या कपातीबद्दल. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीआयएनं आपल्या सगळ्या कर्मचाऱ्यांना पैसे घेऊन राजीनामा देण्याचा पर्याय दिला. मे महिन्यात काही वर्षांत मिळून सुमारे १,२०० जागा कमी करण्याची योजना बाहेर आली. ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या सगळ्या गुप्तचर संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या त्या वेळच्या राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक तुलसी गॅबर्ड यांनी त्यांचं कार्यालय ४० टक्क्यांहून जास्त कमी करून वर्षाला ७० कोटी डॉलर वाचवण्याचं जाहीर केलं. आकड्यापेक्षा मला काळजी वाटते ती पद्धतीची. स्वेच्छेनं जा म्हटलं की आधी कोण जातं? ज्याला बाहेर लगेच नोकरी मिळते तो. सायबरवाला, भाषा येणारा, वीस वर्षांचा अनुभव असलेला. आणि सक्तीनं काढायचं ठरलं की परिविक्षेतली तरुण पोरं सगळ्यात सोपी सापडतात. वरचा अनुभव गेला, खालचं नवं रक्त गेलं, आणि शिकवणारा व शिकणारा दोघंही एकदम नाहीसे झाले. त्याच फेब्रुवारीत सीआयएनं नव्यानं भरती केलेल्यांची पहिली नावं आणि आडनावाचं आद्याक्षर साध्या, असुरक्षित ईमेलवरून व्हाइट हाउसला पाठवल्याची बातमी आली. ज्यांची ओळख लपवण्यावर उद्याचं काम उभं राहणार, त्यांच्याच याद्या.

एक प्रकरण जरा थांबून सांगतो, कारण एक खबऱ्या मिळवायला काय लागतं आणि तो कसा जातो, हे त्यात दिसतं. जानेवारी १९७७, मॉस्को. परदेशी वकिलातींच्या गाड्या जिथं पेट्रोल भरतात त्या पंपावर एक रशियन माणूस सीआयएच्या मॉस्कोतल्या प्रमुखाजवळ गेला, आपण अमेरिकी का असं विचारलं आणि गाडीत चिठ्ठी टाकली. तो अडॉल्फ टोलकाचेव्ह, लढाऊ विमानांची रडार बनवणाऱ्या संस्थेतला अभियंता. सापळा असेल म्हणून वॉशिंग्टननं परवानगी दिली नाही. तो पुन्हा आला, पुन्हा चिठ्ठी दिली, असं वर्षभराहून जास्त चाललं. समोरासमोर पहिली भेट व्हायला १९७९ चा जानेवारी उजाडला. पुढं त्यानं दिलेल्या कागदांमुळं अमेरिकेचे संशोधनावरचे अब्जावधी डॉलर वाचले. मग १९८३ मध्ये सीआयएनं एडवर्ड ली हॉवर्ड या अधिकाऱ्याला काढून टाकलं. त्याला मॉस्कोलाच पाठवणार होते, त्यामुळं तिथली गुपितं त्याला ठाऊक होती. काढण्यामागं काटकसर नव्हती. तो खोटं पकडण्याच्या चाचणीत नापास झाला होता. पण काढल्यावर तो कुठं जातो, काय करतो, याकडं नीट लक्ष ठेवलं गेलं नाही. त्यानं माहिती केजीबी या सोव्हिएत हेरसंस्थेला विकली. आतला दुसरा फितूर आल्ड्रिच एम्स यानंही टोलकाचेव्हचंच नाव दिलं. टोलकाचेव्हला १९८५ मध्ये अटक झाली आणि पुढच्या वर्षी मृत्युदंड. हॉवर्ड मॉस्कोला पळून गेला. एका दुखावलेल्या माणसानं एवढं केलं. शेकडो माणसं एका वर्षात, अपमानाची भावना घेऊन, घराच्या हप्त्यांची काळजी घेऊन बाहेर पडतात तेव्हा परदेशी हेर त्यांच्या दाराशी जाणार नाहीत, असं धरून चालता येतं का?

यंत्रांबद्दल तुम्ही म्हणता ते काही अंशी बरोबरच आहे. लाखो संभाषणांतून संशयास्पद काय ते निवडण्याचं काम यंत्र माणसापेक्षा वेगानं करतं, आणि आज भाषांतराला संगणकाची मदत होते ती २००१ मध्ये नव्हती. १० सप्टेंबर २००१ ला परक्यांचं बोलणं टिपणाऱ्या अमेरिकेच्या एनएसए या संस्थेनं दोन अरबी संदेश टिपले होते. उद्या काहीतरी होणार असा त्यांचा रोख होता. त्यांचं भाषांतर झालं १२ तारखेला. यंत्रानं आपलं काम चोख केलं होतं. वाचायला माणूस नव्हता. आयोगाचाच आणखी एक आकडा: २००२ मध्ये अमेरिकेतल्या सगळ्या विद्यापीठांतून अरबीत पदवी घेतलेले विद्यार्थी सहा. आजचं यंत्र ते वाक्य क्षणात उलगडून देईल हे मान्य. पण बोलणारा कोण आहे, बढाई मारतोय की ठरवून बोलतोय, हे त्या भागात राहिलेल्या माणसालाच उमगतं. आणि मॉस्कोच्या पंपावरची ती चिठ्ठी उपग्रहाच्या हाती कुणी दिली नसती.

२६/११ बद्दल तुमचा राग मी समजू शकतो, माझाही तोच आहे. इशारे होते, तरी हल्ला झाला. ९/११ च्या वेळीही सीआयएला दोन अपहरणकर्त्यांची माहिती होती आणि ती एफबीआयपर्यंत वेळेत पोचली नाही. माणसं असली म्हणजे काम होतंच असं नाही, हे यातून दिसतं. पण माणसं कमी करावीत, हे यातून कसं निघतं? आलेला इशारा किनाऱ्यावरच्या पोलीस ठाण्यापर्यंत न्यायचा, पुन्हा पुन्हा तपासायचा, वरिष्ठाच्या मागं लागायचं, हे सगळं माणसंच करतात.

आपल्या तालुक्याच्या ठाण्यातला गोपनीय शाखेचा अंमलदार बघा. साध्या कपड्यात मोर्चाच्या कडेला उभा, पासपोर्टच्या पडताळणीला आला तर शेजाऱ्यांकडं चहा घेऊन चार गोष्टी विचारणारा. गल्लीत नवीन भाडेकरू कोण आला, कोणतं पोरगं अचानक घरातून गायब झालं, हे त्याला कळतं कारण लोक त्याला ओळखतात. त्यालाच बंदोबस्ताला, व्हीआयपी दौऱ्याला, निवडणुकीला जुंपलं की गल्लीतलं बोलणं त्याच्यापर्यंत पोचायचं थांबतं. मग स्फोट झाला की अंधारात हात मारला जातो. सप्टेंबर २००६ च्या मालेगाव स्फोटात नऊ मुस्लिम तरुणांना पकडलं, ते वर्षानुवर्षं तुरुंगात राहिले आणि २०१६ मध्ये कोर्टानं त्यांतल्या हयात असलेल्या आठ जणांना दोषमुक्त केलं. त्यांची ती वर्षं गेली. आणि ज्या मोहल्ल्यातून उद्या खबर यायची, तिथला विश्वासही गेला. गुप्तवार्ता पातळ झाली की त्याची किंमत निरपराध माणूस चुकवतो, हे मला सगळ्यात जास्त टोचतं.

कपात कधीच करू नये, असं माझं म्हणणं नाही. राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालकांच्या कार्यालयात दुहेरी काम होतं, ही टीका अमेरिकेत जुनी आहे आणि तिच्यात तथ्य आहे. आपल्याकडं कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीनं आधी चूक कुठं झाली ते शोधलं, मग मंत्रिगटानं रचना बदलायच्या शिफारशी केल्या. वेगवेगळ्या संस्थांची माहिती एकत्र आणणारं मल्टी एजन्सी सेंटर त्यातूनच आलं. आधी तपासणी, मग बदल, असा तो क्रम होता. २०२५ मध्ये आपल्या आयबीनं सहायक केंद्रीय गुप्तवार्ता अधिकाऱ्यांच्या ३,७१७ जागांची जाहिरात काढली तेव्हा लातूर-संभाजीनगरच्या अभ्यासिकांत किती पोरं त्या फॉर्मवर तुटून पडली, ते तुम्हीही पाहिलं असेल. यातलं जे पोरगं निवडलं जाईल ते उपयोगी पडायला २०३० उजाडेल.

तुमच्याकडून मला एक हवंय. ज्या खात्याचा खर्च उघड करता येत नाही त्याचं लेखापरीक्षण कसं व्हावं, संसदेनं त्यात किती डोकवावं, यावर तुमच्यासारख्या हिशेबाच्या माणसानं लिहायला हवं. आपल्याकडं गुप्तचर संस्थांवर देखरेख करणारी संसदीय समिती आजही नाही. तुम्ही लिहा, मी तो लेख इथं तुमच्या नावानं, काटछाट न करता छापतो.