रत्ना आंब्याला सायटेशन कोण देणार?

तुमची कमेंट नीट वाचली. मागच्या पोस्टमध्ये मी वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राचं कौतुक केलं, त्यावर तुमचं म्हणणं की हा नुसता कोकणाभिमान आहे, तिथल्या लोकांचे पेपर गूगल स्कॉलरवर शोधून बघा, सायटेशन (इतरांनी आपल्या पेपरात दिलेला दाखला) किरकोळ, एच-इंडेक्स दोन आकडी पण नाही (दहा एच-इंडेक्स म्हणजे किमान दहा-दहा सायटेशन मिळालेले दहा पेपर), मग कसला डोंबलाचा इम्पॅक्ट. प्रश्न रास्त आहे, उत्तर जरा लांबेल.

आंब्याचं ब्रीडिंग म्हणजे काय ते आधी बघा. मोहोरात फुलं हजारोंनी असतात, पण हाताने संकर केलेल्यातली काढणीपर्यंत टिकतात ती मोजकी फळं, आणि टिकलं तरी आपल्याकडच्या बहुतेक जातींत एका कोयीतून एकच रोप, मग ते वाढून फळावर येणार, मग साका (गरात पांढरट, स्पंजासारखा खराब भाग) होतो का, दरवर्षी धरतो का, पेटीत किती दिवस टिकतो हे हंगामामागून हंगाम तपासत बसायचं. वेंगुर्ल्यात नीलम आणि हापूसच्या संकरातून रत्ना बाहेर पडला १९८१ साली, आणि तोच रत्ना परत हापूसशी जोडून पातळ कोयीचा सिंधू आला तो १९९२ मध्ये. आणि जर्नलचा नेहमीचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा, कशावर मोजतात? आधीच्या दोन वर्षांतल्या पेपरांवर. दोन वर्षांचं कलम मोहोरलंच तर आपण मोहोर खुडून टाकतो हो!

याउलट अरॅबिडॉप्सिसवाला, म्हणजे लॅबमध्ये प्रयोगांसाठी वापरतात त्या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपट्यावर काम करणारा. बी पेरल्यापासून परत बी हातात यायला दीड-दोन महिने, जगभर त्याच रोपट्यावर लॅब चालू, सगळे एकमेकांना साईट करतात. या दोघांचा एच-इंडेक्स शेजारी ठेवून काय कळणार? ज्या हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने २००५ मध्ये हा इंडेक्स काढला त्यानेच लिहून ठेवलंय की वेगवेगळ्या विषयांत हे आकडे वेगवेगळे येतात.

बरं, भरपूर सायटेशन म्हणजे तरी काय असतं ते पण बघा. मुराशिगे आणि स्कूग यांचा १९६२ चा पेपर, वनस्पतीशास्त्रातल्या सगळ्यात जास्त साईट झालेल्या पेपरांपैकी एक. विस्कॉन्सिनमध्ये ते तंबाखूच्या ऊतींवर काम करत होते, तंबाखूच्या पानांचा अर्क घातला की वाढ जोरात व्हायची, शोधता शोधता दिसलं की बराचसा परिणाम अर्कातल्या साध्या क्षारांचाच आहे, म्हणून क्षारांचं प्रमाण नव्याने बसवलं. तेच एमएस मीडियम, लॅबमध्ये रोपं वाढवायचं पोषक मिश्रण. जळगावकडे लागणारी जी-नाईन जातीच्या केळीची टिश्यू कल्चर रोपं लॅबमध्ये ज्याच्यावर वाढतात ते बहुतेक करून याचंच कुठलं तरी रूप. काम मोठंच आहे, वादच नाही. पण त्यातली बहुसंख्य सायटेशन ही 'आम्ही एमएस वापरलं' एवढ्या एका ओळीची आहेत. लॅबमधला माणूस वापरतो आणि लिहितो, बागायतदार वापरतो आणि लिहीत नाही, फरक इतकाच.

उदाहरण कल्टारचं, म्हणजे झाडाची वाढ रोखून मोहोर आणणाऱ्या पॅक्लोब्युट्राझॉल या औषधाचं. हापूस एक वर्ष धरतो आणि एक वर्ष रुसतो, त्यावर पॅक्लोब्युट्राझॉल किती आणि कधी घालायचं हे दापोलीच्या कृषी विद्यापीठाने प्रयोग करून बसवलं, झाडाच्या घेराप्रमाणे मात्रा, जुलै-ऑगस्टमध्ये आळ्यात. रत्नागिरी-देवगडकडे 'कल्टार घातलंस काय' हा पावसाळ्यातला नेहमीचा प्रश्न आहे. विचारणाऱ्यातला एकही जण स्कोपसमध्ये, म्हणजे पेपर आणि सायटेशनच्या डेटाबेसमध्ये, दिसणार नाही. (काही जण वारेमाप घालतात आणि झाडाची वाट लावतात, तो वेगळ्या पोस्टचा विषय.)

आता तुमच्या बाजूचं. लागवड हाच खरा निकष असं मी म्हणालो तर रत्नाच माझ्यावर उलटेल, कारण साका नाही, दरवर्षी धरतो, तरी बाजार आजही हापूसच मागतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा भगवा डाळिंब मात्र महाराष्ट्रभर पसरला. म्हणजे लागवडीच्या आकड्यात बाजाराची आवडनिवड पण मिसळलेली असते. दुसरं म्हणजे आपल्याकडे जॉइंट ऍग्रेस्कोत (राज्यातल्या कृषी विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन समितीत) शिफारस मंजूर झाली की काम संपलं असं बरेच जण धरतात, मूळ डेटा अहवालात पडून राहतो, बाहेरच्या कोणाला तो तपासता येत नाही. ही तक्रार तुम्ही केली असती तर मी एका शब्दाने वाद घातला नसता.

पण 'एच-इंडेक्स कमी म्हणून काम शून्य' हे मला मान्य नाही. मोजायचंच असेल तर कुठल्या जातीची किती कलमं दरवर्षी विकली गेली आणि त्यातली दहा वर्षांनी किती बागेत उभी आहेत, हे मोजा. पहिला आकडा नर्सरीच्या विक्रीच्या नोंदींतून काढता येईल, दुसऱ्यासाठी बागा फिराव्या लागतील.